माझ्या आवाजाची साक्ष

माझ्या आवाजाने एका बाईविरुद्ध साक्ष दिली आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. पत्ता लागला तो भर कोर्टात, आणि तोही पोटच्या पोराच्या तोंडून. लोक म्हणतात, होतं असं, सोडून द्या. कसं सोडून द्या? तुमचा गळा कोणी चोरला असता तर तुम्ही सोडून दिलं असतंत?

मी प्रमदा तिरोडकर, रत्नागिरीची. गणिताची बाई. लग्नाआधीची उमेदीची वर्षं मी केलुमा बेटांवर शिकवत होते. नकाशात भिंग घेऊन शोधावी लागतील एवढीशी ती बेटं, पण माणसं लाघवी. त्यांची केलुमी भाषा मला तिथल्या पोरांनीच शिकवली, माझ्या चुकांना खदाखदा हसत. मग मी परत आले, लग्न केलं, इथल्या शाळेत रुजू झाले, ओजस झाला. तो दहावीत असताना त्याचे बाबा गेले. पुढे मी निवृत्त झाले. केलुमी भाषेवर धूळ बसली होती, तोवर समुद्र वर चढला. बेटांवरच्या विहिरी खारट झाल्या, तिथे बेबंदशाही माजली, आणि माणसं होड्यांतून आमच्या किनाऱ्याला लागायला लागली.

त्यांच्यासाठी आश्रय व्हिसाचा कायदा झाला. परत गेल्यास जिवाला धोका असल्याचं पटवून द्या आणि इथे राहा. पटलं नाही, तर परतीची बोट. हे ठरवायला बंदराजवळच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात एक कार्यालय थाटलं गेलं, आणि केलुमी येणारी दुभाषी म्हणून मला बोलावणं आलं. भाषांतराची यंत्रं हवी तेवढी होती. पण एकदा यंत्राच्या चुकीपायी काही माणसं परत पाठवली गेली आणि ती जिवानिशी गेली. तेव्हा वरच्या कोर्टाने सरकारला खडसावलं, की माणसाचं म्हणणं माणसानेच पोचवायचं. त्याच निकालात आणखी एक होतं. अर्जदाराला खोटं पकडणारं कुठलंही यंत्र लावायचं नाही. तो निकाल वाचून मी शेजारीपाजारी पेढे वाटायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. मूर्ख मी!

तामीना आली ती त्यानंतर. माझ्याहून थोडी लहान, उन्हाने रापलेली, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. सुनावणी लोंढेसाहेब घेत होते. माणूस वाईट नव्हता, पण सही करण्याआधी वरिष्ठांचा कल बघून घेणारा.

दुभाष्याचा एक नियम असतो. 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं. तामीना बोलत असेतो माझ्या तोंडात तामीनाच. आपलं पदरचं एक अक्षर घालायचं नाही, गाळायचं नाही.

"आमच्या बेटावर गोड्या पाण्याचं एकच यंत्र आहे," मी म्हणजे तामीना सांगत होते. "बंदूकवाल्यांनी ते ताब्यात घेतलं. त्यांची हांजी हांजी करील त्याला पाणी. माझा मुलगा रेवान त्या यंत्रावर कामाला होता. त्याने गुपचूप गावाचा नळ सोडला. त्यांनी त्याला धक्क्यावर फरफटत आणलं."

मग तामीना एक वाक्य बोलली. छोटंसं. आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली.

आमच्या घरात लहानपणापासूनची शिकवण, की अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. दिवेलागणीला तर नाहीच नाही. मी गणिताची बाई, देवधर्म बेताचाच. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देते आणि पुढे जाते. पण हे एक अंगात मुरलेलं. माझ्या आईने कधी 'मीठ संपलं' म्हटलं नाही, 'मीठ वाढलं' म्हणायची. दुकान बंद करत नाहीत आपल्याकडे, वाढवतात. आणि इथे मला, एकुलत्या एका मुलाच्या आईला, स्वतःच्या तोंडाने, 'मी' म्हणून ते बोलायचं होतं.

 मनात म्हटलं, ओजसची इडापिडा टळो. मग म्हटलं, "माझा मुलगा मेला. माझ्या डोळ्यांसमोर."

लोंढेसाहेबांनी तेच फिरवून फिरवून विचारलं. कधी मेला, कोणी मारला, तुम्ही कुठे होतात. दर वेळी ते वाक्य आलं आणि दर वेळी मी अडखळले. तामीना मात्र एकदाही अडखळली नाही. तिचं रडून झालेलं होतं. मारेकऱ्यांची नावं तिने परदेशी बातमीदारांना सांगितली होती, म्हणून आता ते तिला शोधत होते. परत गेली तर धक्क्यावर तिचाही रेवान होणार, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. माझा तिच्यावर पुरता विश्वास बसला होता.

निकाल आला तो एका ओळीचा. निवेदन विश्वासार्ह आढळले नाही. का, कशावरून, काही नाही. पुढच्या बोटीत बसा.

"बाई, हे असं नाही चालायचं," यास्मिन मुकादम म्हणाली. यास्मिन माझी विद्यार्थिनी. शाळेत भूमितीत काठावर पास व्हायची आणि वाद घालण्यात पहिली यायची. आता वकील झाली होती आणि तामीनाची केस तिने घेतली होती. "आपण उच्च न्यायालयात जाऊ."

"मग तिथे तरी तामीनाचं खरं मानतील ना?" मी विचारलं.

"तिथे खरंखोटं बघतच नाहीत, बाई. ते खालच्यांचं काम. कोर्ट एवढंच बघणार, की तामीनाला न्याय्य वागणूक मिळाली का. तिच्याविरुद्ध काही होतं तर ते तिला दाखवलं का? त्यावर बोलायची संधी दिली का? आपल्या बाजूने खेळ नाही, खेळाचे नियम आहेत."

"म्हणजे बाई मरते की जगते त्याच्याशी त्यांना काही कर्तव्य नाही?"

"आहे हो. पण दार तेवढंच आहे. आपण त्या दारातून शिरायचं."

कोर्टाने बोट तेवढी थांबवली. त्या रविवारी ओजस पुण्याहून आला. तो आवाजावर काम करणाऱ्या एका कंपनीत मोठा इंजिनियर आहे. आजाऱ्याच्या आवाजावरून रोग ओळखायचा, असं काहीतरी तो सांगायचा. दोन पावसाळ्यांमागे त्याने घरीच माझा आवाज घेतला होता. मी वाचायची, गप्पा मारायची, त्याच्या लहानपणीच्या खोड्या सांगायची, आणि तो समोर यंत्र ठेवून ऐकायचा. 'आई, तुझ्या गळ्याची तब्येत बघतोय गं,' म्हणायचा. मी सगळ्या आळीला सांगितलं, पोरगा माझ्या गळ्याची काळजी घेतो म्हणून.

तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं त्याला जीव की प्राण. पण त्या दिवशी तो भात नुसता चिवडत होता.

"आई, त्या केलुमी बाईच्या केसला तू जाणारेस?"

"जाणार म्हणजे? तिला कोर्टात काय चाललंय ते कोण सांगणार, तुझा काका?"

"नको जाऊस. त्यात पडू नकोस. कोणीतरी दुसरं बघतील."

"दुसरं कोण आहे? आणि तुला काय रे त्याचं एवढं?"

"काही नाही. दमतेस तू." तो खाली बघून बोलला. लहानपणी हा खोटं बोलला की मी एका श्वासात ओळखायची. 'ओजस, पुन्हा बोल,' एवढंच म्हणायची, की गडी रडायला लागायचा. त्या दिवशी माझा कान कुठे गेला होता देव जाणे. मला वाटलं, पोराला माझी काळजी. वर आणखी भात वाढला.

कोल्हापूरला उच्च न्यायालयात न्यायमूर्तीबाईंनी सरकारी वकिलांना सरळच विचारलं, "निवेदन विश्वासार्ह नाही, हे कशावरून ठरवलं?"

वकिलांनी चष्मा पुसला. "एका तांत्रिक निर्देशांकावरून."

"अर्जदाराला यंत्र लावायला मनाई आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"अर्जदाराला लावलं नव्हतं."

"मग कोणाला लावलं होतं?"

वकिलांनी कागद चाळले. मग म्हणाले, तज्ज्ञ पडद्यावर हजर आहेत, तेच समजावतील. पडदा उजळला. पडद्यावर माझा ओजस. मीच घेऊन दिलेला निळा सदरा घालून.

मी शेजारी बसलेल्या तामीनाला केलुमीत सगळं सांगत होते. माझा आवाज बंद पडला. तिने माझ्याकडे बघितलं, कोपराने ढोसलं. मग मी पुन्हा सुरू केलं. काय करणार? माझंच पोर बोलत होतं आणि माझंच काम होतं ते तिला पोचवायचं.

तो फार छान समजावतो, हे मला कबूल करावं लागेल. माझाच विद्यार्थी.

"आपण आपल्या ओळखीच्या भाषेत कोणाचं ऐकतो," तो म्हणाला, "तेव्हा ते खरं की खोटं याचा अंदाज मेंदू पापणी लवायच्या आत बांधतो. आपल्यालाही तो कळायच्या आधी. संशय आला की श्वास किंचित अडतो, स्वरतंतू ताणले जातात. एरवी माणूस सावरतो आणि मग बोलतो, म्हणून ते लपून जातं. पण दुभाष्याला सावरायला वेळच नसतो. ऐकलं की लगेच बोलायचं. त्यामुळे त्याचा संशय तसाच्या तसा आवाजात उतरतो. शिवाय त्या लोकांची भाषा, चालीरीती दुभाष्याइतक्या कोणाला कळणार? तेव्हा खोटं बोलणाऱ्याला तपासण्यापेक्षा ऐकणाऱ्याला तपासावं, ही आमची कल्पना. त्या माणसाचा नेहमीचा आवाज कसा आहे हे आधी नोंदवून ठेवलं, की फरक काढता येतो."

"म्हणजे यंत्र दुभाष्याचा आवाज मोजत होतं," न्यायमूर्तीबाई म्हणाल्या.

"हो."

"दुभाष्याला सांगितलं होतं?"

"सांगितलं तर माणूस सावध होतो."

"आणि या दुभाष्याचा नेहमीचा आवाज तुम्ही कुठून मिळवलात?"

ओजसने पाण्याचा घोट घेतला. "घरून," तो म्हणाला. "त्या माझ्या आई आहेत."

हे वाक्यसुद्धा मी तामीनाला भाषांतर करून सांगितलं. नियम म्हणजे नियम.

मी ताडकन उभी राहिले. "मी सांगते मी का अडखळले! मला संशय नव्हता आला. त्याचं कारण—"

"बाई, खाली बसा," न्यायमूर्तीबाई म्हणाल्या. आवाज मऊ होता. "तुमचं कारण खरं असेल. पण तो प्रश्न इथला नाही. इथला प्रश्न एवढाच, की ते सांगायची संधी कोणाला मिळाली होती का?" मग त्या ओजसकडे वळल्या. "आवाज अडखळला, हे तुमचं यंत्र सांगतं. का अडखळला, ते सांगतं?"

"नाही," ओजस म्हणाला. "का, ते नाही सांगत."

निर्णय रद्द झाला. तामीनाच्या विरुद्ध वापरलेली गोष्ट तिच्यापासून लपवली, तिला उत्तर द्यायची संधी दिली नाही, म्हणून निर्णय अन्याय्य. नव्याने सुनावणी घ्यावी. सरकारी वकील यास्मिनचं अभिनंदन करत होते, म्हणजे बघा. यंत्राला हात लागलाच नव्हता. ते योग्य की अयोग्य हा प्रश्न कोर्टापुढे आलाच नव्हता म्हणे. पुढच्या वेळी ते लावायचं, फक्त आधी सांगून.

"हे जिंकणं आहे होय गं?" मी यास्मिनला म्हटलं.

"अर्धं," ती म्हणाली. "उरलेलं अर्धं बर्फाच्या कारखान्यात."

बाहेर व्हरांड्यात तामीनाने मला गाठलं. "टीचर," ती म्हणाली. बेटावर सगळे मला तेच म्हणायचे. "तू मला खोटी समजलीस?"

मी तिला सगळं सांगितलं. आमची वास्तू, तिचं तथास्तु, माझा एकुलता एक मुलगा, आणि ते वाक्य. मला वाटलं, ती समजून घेईल. 

"म्हणजे माझ्या घरातलं मरण तुझ्या घरात शिरू नये म्हणून तू थांबलीस," ती म्हणाली. "आणि तेवढ्यावरून ते मला बोटीत बसवणार होते."

 शरमेने माझी मान खाली गेली. ती चिडली नव्हती, तेच जास्त लागलं.

ओजस त्याच आठवड्यात घरी आला. मी दार उघडलं, पाणी दिलं. रीत ती रीत.

"आई, तुला सांगणार होतो मी."

"कधी? माझ्या तेराव्याला?"

"असं अभद्र—" तो म्हणाला आणि थांबला.

"बोल ना! तुलाही माहीत आहे ते. या घरातच वाढलास. मी त्या बाईचा मुलगा मेला म्हणताना का थांबले असेन, हे तुला कळायला यंत्र लागलं?"

तो खुर्चीत बसला. "कळलं होतं," तो हळूच म्हणाला. "तो आकडा बघितला तेव्हाच कळलं. मी ती नोंद ऐकली. तू कुठे थांबलीस ते ऐकलं."

 इतका वेळ मी समजत होते, की पोराला कल्पना नव्हती. यंत्राने घात केला, पोराने नाही.

"मग सांगितलं का नाहीस कोणाला?"

"काय सांगू? आई अंधश्रद्धाळू आहे म्हणून आमचा आकडा चुकला? सरकारशी करार व्हायचा होता, आई. एक नोंद चुकीची म्हटली की सगळ्याच नोंदींवर प्रश्न येतो. मला वाटलं, ती बाई अपील करेल, कुठेतरी निस्तरेल. आणि कल्पना तुझ्यावरूनच सुचलेली होती गं. तुझ्याइतकं खोटं ओळखणारं मी कोणी बघितलं नाही. तुझा आवाज मी विश्वासाने—"

"विश्वासाने?" मी म्हटलं. "अरे, माझा जीव तुझ्यासाठी अडकला. तुझ्यासाठी! आणि ते तू त्या बाईच्या गळ्यातला दगड करून टाकलंस. जाणूनबुजून. माझ्याच तोंडातून."

तो रडायला लागला. लहानपणी रडायचा तसाच. त्या वेळी मी जवळ घ्यायची. या वेळी मी आत गेले आणि भांडी घासत बसले. तो गेल्याचं मला फाटकाच्या आवाजावरून कळलं.

नव्या सुनावणीत सगळं कसं रीतसर झालं. दुसरा दुभाषी नेमायचा तर शेजारच्या राज्यातून आणावा लागणार होता. लोंढेसाहेबांनी तामीनाला विचारलं, याच दुभाषी चालतील का? ती म्हणाली, "हीच हवी." मग त्यांनी वाचून दाखवलं, की दुभाष्याच्या आवाजावर यंत्र चालू आहे, नेहमीच्या आवाजाची आधारनोंद ओजस तिरोडकर यांनी प्रमाणित केलेली आहे, कंपनी पुण्याहून आकडे बघत आहे, कोणाची हरकत? यास्मिनने हरकत घेतली. हरकत नोंदवली गेली. यंत्र चालूच राहिलं.

"मागच्या वेळी तुमच्या मुलाबद्दल बोलताना दुभाषी अडखळल्या," लोंढेसाहेब वाचत म्हणाले. "यावरून तुमचं निवेदन संशयास्पद ठरतं. यावर तुम्हाला काय म्हणायचं आहे?"

हाच तो प्रश्न. एवढाच विचारला जावा म्हणून आम्ही कोल्हापूरपर्यंत धावलो होतो. उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण दुभाष्याला स्वतःचं तोंड नसतं. तामीना सावकाश बोलली, आणि मी तिची 'मी' होऊन बोलले.

"ही बाई अडखळली, कारण तिला एकच मुलगा आहे. त्यांच्याकडे असं मानतात, की घरातली वास्तू ऐकत असते आणि वाईट बोललं तर तसंच होऊ दे म्हणते. माझं वाक्य बोलताना तिला आपल्या मुलाची भीती वाटली. मला आधी राग आला. पण मग आठवलं, रेवान घराबाहेर पडला की मीही उंबऱ्यावर पाणी शिंपडायची. प्रत्येक आई काहीतरी करते. साहेब, तिला भिण्यासारखं काहीतरी उरलं आहे. मला नाही. म्हणून मी अडखळत नाही."

लोंढेसाहेबांनी पहिल्यांदाच कागदावरून मान वर केली.  मग घसा साफ करून म्हणाले, "नोंदवलं. आता घटना पुन्हा सांगा."

तामीनाने धक्क्यापर्यंतची गोष्ट सांगितली आणि मग ते छोटंसं वाक्य उच्चारलं.

मी तयारीत होते. इडापिडा टळो म्हणायला मन वळवलं आणि डोळ्यांसमोर ओजस आला. निळ्या सदऱ्यातला. नोंद ऐकणारा. मी कुठे थांबले ते ऐकून, का थांबले ते ओळखून, आकडा तसाच पुढे पाठवणारा. पुण्यात बसून आत्ताही ऐकणारा.

"माझा मुलगा मेला," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांसमोर."

लोंढेसाहेबांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं. खणखणीत, वर्गात पाढे म्हणावेत तसं.

सुनावणी संपल्यावर मी नळावर गेले. चूळ भरली, पुन्हा भरली. पाणी खारट लागत होतं, की माझंच तोंड, कोण जाणे. बाहेर आले तर यास्मिन तामीनाला मिठी मारून उभी होती. व्हिसा मंजूर. लोंढेसाहेबांनी लिहिलं होतं, खुलासा पटण्याजोगा आहे आणि निर्देशांकही पूर्ण विश्वासार्हता दाखवतो. तामीनाने माझे दोन्ही हात हातात घेतले. ती हसत होती आणि मग एकदम हसायची थांबली, कारण तिने माझा चेहरा बघितला. जिच्यासाठी मी ते वाक्य बोलले, तिला ते कसं निघालं हे न सांगता कळलं. ती नुसती हात घट्ट धरून राहिली.

फोन वाजला. ओजस.

"आई," तो म्हणाला, "आकडे आले. तू या वेळी अडखळली नाहीस."

"नाही."

"माझं नाव... मनात आलं नव्हतं का?"

"आलं होतं," मी म्हटलं.

पलीकडे त्याचा श्वास अडकला. ते ओळखायला मला कुठलं यंत्र लागलं नाही.